लिव्हरातला चौकीदार

हर्षा बोचरेच्या नावाआधी डॉक्टर लागतं, पण अमरावतीत आजवर एकही माणूस तिच्याकडं ताप घेऊन आलेला नाही. एकदा शेजारच्या बाई पोराला कडेवर मारून आल्या होत्या, पोराला उलट्या होत होत्या. हर्षानं खरं ते सांगितलं, की मी औषधांची डॉक्टर आहे, आजारांची नाही. बाई दारातूनच वळल्या आणि जाता जाता "मंग पाटी कायले लावली?" असं विचारून गेल्या. प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी हर्षानं पाटी काढून कपाटामागं टाकली.

ती एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. वय एक्केचाळीस, लग्न नाही. लग्न का नाही, हे विचारायला लोक कचरत नाहीत, म्हणून सांगून टाकलेलं बरं. बीफार्म झाल्यावर स्थळं आली तेव्हा तिला एमफार्म करायचं होतं, एमफार्म झाल्यावर आली तेव्हा पीएचडी, आणि पीएचडी हातात पडली तोवर त्या स्थळांच्या पोरांना मिसरूड फुटलं होतं. तिचा विषय काय, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर ती सांगते, अनाथ केंद्रकीय ग्राही. समोरच्याचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा होतो. मग ती इंग्रजीत सांगते, ऑर्फन न्यूक्लिअर रिसेप्टर. चेहरा तसाच राहतो, फक्त त्यात थोडा आदर मिसळतो.

गोष्ट खरं तर साधी आहे. आपल्या पेशींच्या आत काही प्रथिनं दबा धरून बसलेली असतात. बाहेरून हार्मोन आला की तो त्यातल्या आपल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि मग ते प्रथिन पेशीच्या केंद्रकातला एखादा जीन चालू करतं. जुन्या काळी शास्त्रज्ञांना आधी हार्मोन सापडायचा, मग त्याचं प्रथिन. पुढं जीन वाचायची यंत्रं आली आणि सगळं उलटं झालं. याच घराण्यातली प्रथिनं ढिगानं सापडली, पण त्यांना चिकटणारा हार्मोन कोणता, ते कोणालाच ठाऊक नाही. बारसं झालं, वालीचा पत्ता नाही. म्हणून त्यांना अनाथ म्हणू लागले. मग जगभरच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा या अनाथांचे वाली हुडकत फिरल्या. काहींचे सापडले, काहींसाठी अजून अनुदानं मंजूर होताहेत.

हर्षाच्या वाट्याला आला तो पीएक्सआर नावाचा गडी. याचा एकच वाली सापडला नाही, वाल्यांची जत्राच सापडली. हा मुख्यतः यकृतात राहतो. त्याचा खिसा एवढा ऐसपैस, की टीबीचं औषध म्हणू नका, झाडाचा चीक म्हणू नका, काहीही त्यात मावतं. बाहेरचं असं काही शरीरात शिरलं की हा जागा होतो, आणि ते तोडून फोडून बाहेर घालवणारी एन्झाइम भराभरा बनवून घेतो. गुग्गुळाच्या डिंकातला एक पदार्थ त्याला कसा जागा करतो, हे हर्षानं सात वर्षं तपासलं. पुण्याहून आणलेल्या पेशी दर मे महिन्यात लाइट गेली की मरायच्या, आणि संशोधन पुन्हा शून्यावर यायचं. सात वर्षं तिच्या केसांना गुग्गुळाचा वास होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाया हात जोडायच्याच काय त्या बाकी राहत. शेवटी शोधनिबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव मार्गदर्शक सरांचं होतं, दुसरं सरांच्या मित्राचं, आणि तिसरं, ज्या बाईनं काम केलं होतं, तिचं.

तर अशी ही विदुषी. जगाबद्दल तिचं मत फार बरं नव्हतं, आणि जगालाही त्याची काही पडलेली नव्हती.

तिचं मूळ घर पातूरजवळ. दीड एकराचा मळा. त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि काठानं झेंडू. वडील वामनराव गेल्यापासून मळा आईच चालवते. सत्यभामाबाई पासष्टीच्या आहेत. पहाटे भाजीची गाठोडी बांधून पहिल्या गाडीनं अकोल्याला जातात आणि दुपारपर्यंत विकून परत येतात. मेथीच्या जुडीला धागा बांधताना त्यांची बोटं दिसत नाहीत. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण कोणत्या वाफ्यात कोणत्या तारखेला काय फवारलं, हे तोंडपाठ. व्यापारी फसवू शकत नाही, पाऊसही फारसा नाही.

हर्षाच्या धाकट्या भावाच्या, मनोजच्या, दोन्ही किडन्या चौतिसाव्या वर्षी बसल्या. दोन वर्षं अकोल्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस झालं. मग सत्यभामाबाईंनी आपली एक किडनी दिली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि ती किडनी मनोजच्या पोटात अशी चालायला लागली, जशी ती तिथलीच होती. गावानं बाईंना देवी करून टाकलं. ज्या जावा पाण्यावरून भांडल्या होत्या, त्या पाया पडून गेल्या.

आता दुसऱ्याची किडनी शरीरात ठेवायची, तर शरीराला जरा गुंगीत ठेवावं लागतं. नाहीतर ते तिला परकी समजून फाडून खातं. त्यासाठी मनोजला टॅक्रोलिमस नावाच्या गोळ्या जन्मभरासाठी लागल्या. हे औषध मोठं नखरेल आहे. रक्तात कमी पडलं तर शरीर किडनीवर तुटून पडतं, जास्त झालं तर औषध स्वतःच किडनीला खातं. मधली वाट बैलगाडीच्या चाकोरीएवढी. म्हणून दर महिन्याला रक्तातलं प्रमाण तपासायचं. मनोजचं प्रमाण सहाच्या आसपास हवं होतं, आणि दीड वर्ष ते तसं राहिलं.

श्रावणात ते तीनवर आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं तर अडीच. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. प्रमाण तिथंच, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एक पॉइंट एकवरून एक पॉइंट नऊवर गेलं. डॉक्टर मनोजला सरळच म्हणाले, "तुम्ही गोळ्या घेत नाही आहात."

मनोज घेत होता. पण असा पेच पडला की आपल्याकडं निकाल ठरलेला असतो. घरात सून असताना पुराव्याची गरज काय? रागिणी गोळ्या द्यायला विसरते, असं आधी वच्छलाकाकू म्हणाल्या, मग त्यांचे यजमान नत्थुजी म्हणाले, आणि मग सगळी आळी म्हणायला लागली. नत्थुजी म्हणजे वामनरावांचे चुलतभाऊ. समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे आयोजक, आणि कोणत्याही विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. रागिणी बिचारी मोबाइलवर दोन गजर लावायची, नवऱ्यानं गोळी गिळली की तोंड उघडून बघायची आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. तिनं गौरी बसल्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षाला फोन केला आणि रडली.

"ताई, मी एकही गोळी चुकवली नाई. कोनी विश्वासच ठेवून नाई राह्यलं."

हर्षानं ठेवला. भावनेपोटी नव्हे. गोळी पोटात जाते आणि रक्तात दिसत नाही, म्हणजे कोणीतरी ती मधेच फोडतं आहे, आणि असा कोण गडी आहे, हे तिला सात वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. त्याला जागं कोण करतंय एवढंच शोधायचं होतं. शनिवारी कॉलेज सुटल्यावर तिनं अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभी, पुढं बसायला जागा मिळाली, आणि अकोल्याहून पातूर.

संशयितांची वाण नव्हती. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, असा आपला रिवाज आहे, आणि केळी नेली तर लोक कंजूष म्हणतात. म्हणून दीड वर्षात मनोजला भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकेक औषध घेऊन आला होता. कोणी गुळवेलीचा काढा, कोणी कोरफडीचा गर, कोणी शेगावहून कुठल्याशा बाबाचं चूर्ण. बाळापूरच्या मामांनी तर एक बाटली आणली होती. तिच्यावर फक्त एका पहिलवानाचं चित्र होतं. मामांच्या मते किडनीलाही व्यायाम लागतो. ज्यांना स्वतःची साधी ढेकर थांबवता येत नव्हती, ते लोक मनोजच्या किडनीचा भार वाहायला निघाले होते. हर्षानं एकेकाची चौकशी केली. पण रागिणी वस्ताद निघाली. पाहुणा आळीच्या वळणावर दिसेनासा झाला, की ती त्याचं औषध उकिरड्यावर नेऊन ओतायची. तिथला रेड्याएवढा बोका, रागिणीच्या म्हणण्यानुसार, हल्ली फार तुकतुकीत दिसत होता.

रविवारी सकाळी आठला गजर झाला. मनोजनं गोळ्या घेतल्या, रागिणीनं तोंड तपासलं, खूण केली आणि ती पोरीची वेणी घालायला आत गेली. सत्यभामाबाई मळ्यातून आल्या, हातपाय धुतले, चहा टाकला. अर्ध्या तासानं मनोज हर्षाशेजारी ओसरीवर येऊन बसला आणि त्यानं मोठी जांभई दिली.

हर्षाच्या हातातला कप तसाच राहिला. तो वास तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता.

"मनोज, काय खाल्लं तू?"

"कुठं काय?" मनोजनं आईकडं पाहिलं. सदतीस वर्षांचा बाप्या, पण असा प्रसंग आला की तो आईकडं बघतो.

सत्यभामाबाईंनी काही लपवलं नाही. लपवायचं काही होतं असं त्यांना वाटतच नव्हतं. फडताळातून त्यांनी एक स्टीलची डबी आणली आणि उघडून लेकीसमोर धरली. आत तुपात वळलेल्या काळपट गोळ्या होत्या, एकसारख्या, हरभऱ्याएवढ्या.

"गुग्गुळ हाय. तू नेत होती ना, अकोल्याच्या त्याच काष्ठौषधीवाल्याकडून आनला, शुद्ध केलेला. सकाळी एक अन् संध्याकाळी एक. त्याची गोळी झाली का अर्ध्या घंट्यानं."

"कवापासून?"

"आखाड लागला तवापासून. रागिणीले नाई सांगतलं. थे सगडं फेकून देते."

"पन काहून, माय?"

आता मात्र बाईंना लेकीच्या अकलेचं नवल वाटलं. "काहून म्हंजे? वांग्यावर औषध मारलं का आठ रोज तोडतो का आपुन? घरच्या खायाची एक ओळ तं फवारतच नाई. अन् याच्या अंगात दीड वर्ष झालं, रोज दोन टाइम औषध मारनं चालू हाय. थे उतरन कवा? म्या इचार केला, गोळी त बंद करता येत नाई, डॉक्टरनं सांगतलं. पन तिचं काम झालं का तिचं इख तं काढता येते. अन् कसं काढा लागते थे तूच सांगतलं होतं."

"मी?"

"मंग? तुहा सत्कार झाला होता ना, मंगल कार्यालयात. तू माइकवर बोलली. लिव्हरात एक चौकीदार असते, परकं काई अंगात आलं का तो जागा होते, अन् मजूर लावून तुकडे करून बाहेर फेकते. अन् गुग्गुळानं तो चौकीदार जागा होते. सांगतलं होतं का नाई?"

सांगितलं होतं. सात वर्षांपूर्वी समाजाच्या गुणगौरव सोहळ्यात दहावीत पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या पोरापोरींच्या रांगेत तिलाही उभं केलं होतं. आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता, पोरं खुर्च्या ओढत होती, आणि नत्थुजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. त्या गर्दीत पहिल्या रांगेत बसून तिच्या आईनं भाषण ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि सात वर्षं जपून ठेवलं होतं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनासुद्धा तिच्या प्रबंधाचा सारांश इतका नेमका सांगता आला नव्हता. बाईंच्या मात्रेत, वेळेत, हिशेबात कुठंही खोट नव्हती. चौकीदार खरंच जागा झाला होता. त्यानं परकं ते ओळखलं होतं आणि टॅक्रोलिमसचे तुकडे तुकडे करून बाहेर फेकले होते. सगळं काही पुस्तकात लिहिल्याप्रमाणं झालं होतं.

हर्षाला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. आईच्या कमरेला, उजव्या बाजूला, साडीखाली वीतभर टाक्यांचा व्रण आहे, हे तिला त्या क्षणी फार स्पष्ट आठवलं.

"आता बंद कर, माय," ती एवढंच म्हणाली. "झालं त्याचं काम. डॉक्टरनं आता काईच द्याचं नाई म्हनलं."

"मंग बंद करते. पानी पुरलं का मोटर बंद कराच लागते." बाईंनी डबी लेकीच्या हातात देऊन टाकली आणि त्या मेथी निवडायला बसल्या.

वाईट हे, की गुपचूप गुग्गुळ बंद करून भागणार नव्हतं. हे हर्षाला कळत होतं, कारण हा तिचाच विषय होता. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट करून ठेवल्या होत्या. गुग्गुळ थांबला की दोन आठवड्यांत चौकीदार पुन्हा पेंगायला लागणार, जास्तीचे मजूर घरी जाणार, आणि ती दुप्पट मात्रा तशीच्या तशी रक्तात चढणार. म्हणजे आधी औषध कमी पडून किडनी जायला निघाली होती, आता जास्त होऊन गेली असती. डॉक्टरांना सांगणं भाग होतं. आणि सांगितलं की डॉक्टर विचारणारच, दिलं कोणी?

मंगळवारी ती मनोजला घेऊन नागपूरला गेली. बाजार होता, म्हणून आई आली नाही. हर्षानं डॉक्टरांपुढं सगळं क्रमानं मांडलं. गुग्गुळ किती, केव्हापासून, एन्झाइम किती चढलं असावं, उतरायला किती दिवस लागतील. डॉक्टर ऐकत गेले. चष्मा काढला.

"हे त्यांना दिलं कोणी?"

मनोज भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडं असा टक लावून बघत होता, जणू त्याला ती विकत घ्यायची होती.

"मी दिलं," हर्षा म्हणाली.

"तुम्ही काय करता?"

"फार्माकॉलॉजी शिकवते."

"त्यातलं काय?"

"न्यूक्लिअर रिसेप्टर."

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग त्यांनी फाइलमध्ये इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, आणि त्या हर्षाला उलट्या बाजूनंही वाचता आल्या: बहीण, औषधशास्त्राची प्राध्यापक, हिनं वनौषधी दिली. "तुमच्या आईनं या वयात पोट चिरून दिलेली किडनी आहे ती," ते म्हणाले. "अडाणी माणसानं केलं असतं तर मी समजू शकलो असतो." हर्षानं मान हलवली. आईचं नाव त्या फाइलमध्ये पहिल्या पानावर होतं, देणारी म्हणून. त्याच फाइलमध्ये ते दुसऱ्यांदा, अशा ओळीत, लिहिलं जावं, हे तिला सहन झालं नसतं. शिवाय ती फार मोठं खोटं बोलत होती असंही नव्हतं.

किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीरानं हल्ला सुरू केला होता. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, मग दर आठवड्याला रक्त तपासत गोळ्या हळूहळू खाली आणल्या. कोजागिरीपर्यंत टॅक्रोलिमस सहावर स्थिरावलं. क्रिएटिनिन एक पॉइंट सहावर थांबलं. एक पॉइंट एक आता पुन्हा दिसणार नव्हतं.

हर्षाचा प्रबंध सात वर्षांत कॉलेजच्या ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर पडला नव्हता. ही बातमी मात्र मनोज घरी परतल्यावर चार दिवसांत पातूरभर झाली. मनोजनं रागिणीला सांगितलं, बहिणीनंच दिलं म्हणून. रागिणीवरचं किटाळ गेलं होतं, त्या आनंदात तिनं माहेरी आपल्या आईला फोन केला. पुढचं काम आपोआप झालं. खरं काय ते मनोजनं कोणाला सांगितलं नाही. आईनं दिलं, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळं किडनी बिघडली हे आईला कळू नये एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बहीणभावांचं एकमत झालं होतं, तेही न बोलता.

त्यानंतरच्या रविवारी नत्थुजी आणि वच्छलाकाकू भेटायला आले. रिकाम्या हातानं नाही. हातात वावडिंगाची पुडी होती. ओसरीवर चहा झाला. हर्षा आत रागिणीजवळ भाकरी थापायला बसली होती, पण नत्थुजींचा आवाज समाजकार्यामुळं मोठा होता, त्याला भिंती अडवू शकत नव्हत्या.

"वहिनी, आमाले समजलं सगडं," ते म्हणाले. "गुग्गुळानं मनोजच्या गोळ्याच खाऊन टाकल्या म्हने. किडनी हातची जाचीच होती, वाचली थे तुमच्या पुन्याईनं. अन् केलं कोनं? सख्ख्या बहिनीनं. एवढं शिकून! आपुन सत्कार केला होता तिचा."

बाहेर मेथीच्या जुडीला धागा गुंडाळण्याचा आवाज थांबला.

"कोनत्या गोळ्या?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"थ्याच, किडनीच्या. गुग्गुळानं त्या रक्तात टिकूच देल्या नाई. नागपूरच्या डॉक्टरनं लिहून देलं ना."

हर्षा पिठाच्या हातानं उठली. ती उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा आई उभी होती. मेथी पायात सांडली होती.

"गुग्गुळ म्या देला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिनं नाई. माह्या हातानं देला, रोज दोन टाइम. पोरीले काई मालूम नोयतं."

मग वच्छलाकाकूंनी पदरानं डोळे पुसले.

"पाहा बाप्पा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मायचं काळीज. पोरीचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यली."

"म्या देला म्हनते ना!" बाई ओरडल्या. "मनोजले इचारा!"

"काहून इचारा लागते, वहिनी," नत्थुजी म्हणाले. "एक किडनी देली, आता हे बी. माय असावी तं अशी." त्यांनी वाकून बाईंच्या पायांना हात लावला. दारात उभ्या असलेल्या हर्षाकडं त्यांनी जाताना पाहिलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर सत्यभामाबाई खाली बसल्या आणि सांडलेली मेथी गोळा करायला लागल्या. हर्षा समोर बसली. हाताचं पीठ वाळत चाललं होतं.

"खरं सांग," बाई म्हणाल्या. "किती गेली?"

डॉक्टरपुढं खोटं बोलताना हर्षाची जीभ अडखळली नव्हती. आता तिला खोटं सुचेना. सगळ्या आयुष्यात तिला एकच विद्यार्थिनी अशी मिळाली होती, जी एक शब्दही विसरली नव्हती.

"चार आने गेली, माय. बारा आने हाय."

"चार आने." बाईंनी मेथीची एक काडी उचलली, तिच्याकडं पाहिलं, परत ठेवली. "त्या चौकीदाराले इख कोनतं अन् औषध कोनतं, हे समजत नाई का?"

"नाई समजत. त्याच्यासाठी सगडंच परकं. जे दिसन थे फोडते."

"अन् हे तुले तवा मालूम होतं? तू माइकवर बोलली तवा?"

"होतं."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

हर्षाला तो हॉल आठवला. फोडणीचा वास, खुर्च्यांचा आवाज, घड्याळ बघणारे नत्थुजी, आणि माइकसमोर उभी असलेली ती, या सगळ्यांचा मनोमन तिरस्कार करणारी. ते पुढचं सगळं तिच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तिनं कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला होता.

"मले वाटलं," ती म्हणाली, "कोनी आयकूनच नाई राह्यलं."

सत्यभामाबाईंनी मान वर केली.

"मी होती ना," त्या म्हणाल्या.